धुराबाहेर काढलेलं बाड

पार्सल टपालवाल्यानं खाणावळीतच आणून दिलं, आणि भात संपायच्या आत ते उघडायची दुर्बुद्धी मला झाली. गोणपाटाचा तुकडा, त्याला सुतळीचे टाके, वर जोयड्याच्या शाळेतल्या दत्तात्रय मास्तरांचं वळणदार अक्षर. टाके तोडले. आत लाल फडकं होतं आणि फडक्यात विटेसारखी एक वस्तू. लांबी साडेनऊ इंच, रुंदी साडेपाच; मोजावं लागलं नाही, मापं माझ्या डोक्यातच होती. वरच्या पुठ्ठ्यावर माझ्या हातची चिठ्ठी जशीच्या तशी होती: नमुना क्रमांक एकवीस, नंदिगड्डे. मी पुठ्ठा उचलला तर चिठ्ठीएवढाच तुकडा बोटांत आला. खाली पुस्तक नव्हतं. माती होती. पुस्तकाच्या आकाराची, पानांसारखे थर असलेली, तपकिरी, वाळवीच्या थुंकीनं बांधलेली माती. तिच्या भोकांतून मेलेल्या वाळवीचे पांढुरके दाणे ताटाच्या कडेवर सांडले, भाताच्या शितांशेजारी, आणि क्षणभर मला खरोखर कळेना की शीत कुठलं आणि किडा कुठला. मग एक कसर जिवंत निघाली, चंदेरी अंग वळवत आमटीच्या वाटीखाली गेली. समोरचा विमा कंपनीतला कारकून म्हणाला, "काय हो, घरचा फराळ वाटतं?" पंगत हसली. मीही हसलो. हसताना तोंडात घास होता आणि तो गिळावा लागला, याचीच मला पुढे कितीतरी दिवस किळस येत राहिली.

मास्तरांचं पत्र फडक्याच्या घडीत होतं. नंदिगड्ड्याच्या म्हादू गावकरांच्या सांगण्यावरून लिहितो, अशी सुरुवात. दसऱ्याला पूजेसाठी शाळेतलं कपाट उघडलं तेव्हा बाड असं निघालं. जंगलखात्याचे साहेब येत्या गुरुवारी सुप्याच्या कचेरीत बसून हद्दी कायम करणार आहेत. वाडीतल्या अकरा घरांची शेतं कुठल्या ओहळापासून कुठल्या झाडापर्यंत, हे या बाडातच लिहिलेलं होतं. दुसरा कागद नाही. ज्याचा कागद नाही त्याची जमीन जंगलात धरली जाईल. "आपण सहा दिवस बसून ते बाड पान-पान पाहिलं होतं, असं म्हादू सर्वांना सांगतो आहे. बाड वाचलेल्या सुशिक्षित माणसानं शपथेवर मजकूर सांगितला तरी चालेल, असं साहेब म्हणाले. तरी बुधवारपर्यंत यावं, म्हणजे मी लिहून घेईन." पत्रात एकही रागाचा शब्द नव्हता. मी तो शोधत होतो. दोन वेळा वाचूनही सापडला नाही, तेव्हा मला मास्तरांचाच राग आला.

खोलीवर येऊन मी ती वस्तू टेबलावर ठेवली आणि भिंग घेतलं. ही माझी सवय. घाण वाटली की मी भिंग घेतो. वस्तू मोठी दिसू लागली की ती घाण राहत नाही, तिला नाव आणि भाग येतात. चिठ्ठी का उरली हे दोन मिनिटांत कळलं. चिठ्ठ्या चिकटवायच्या खळीत मी मोरचूद घातलं होतं, बडोद्याच्या ग्रंथालय वर्गात शिकवलं होतं तसं. जिथवर खळ झिरपली तिथवर वाळवीनं तोंड लावलं नव्हतं. म्हणजे दोनशे बारा पानांतून तिनं नेमकं माझं अक्षर तेवढं मागे ठेवलं होतं. याची नोंद करावी, हा पुरावा चांगला आहे, असा एक विचार माझ्या मनात आलाच. तो इतक्या सहज आला की मी भिंग खाली ठेवलं आणि मोरीवर जाऊन हात धुतले. साबणानं धुतले, मग मातीनं, मग पुन्हा साबणानं.

आमच्या विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राची पदवी नाही. पुस्तकं कशी लावावीत, कशी राखावीत, हे कारकुनाचं काम समजतात. त्यावर प्रबंध लिहून मास्टरची पदवी मागणारा माणूस लोकांना विनोदी वाटतो. म्हणून मी प्राणिशास्त्राच्या दारानं आत शिरलो. दमट प्रदेशांतील ग्रंथसंग्रहांचे कीटक आणि त्यांपासून संरक्षण, असा विषय घेतला, बी.एस्सी.च्या जोरावर एका प्रोफेसरांची परवानगी मिळवली, आणि बडोद्यात सहा महिने शिकलेलं सगळं त्या कीटकांच्या पाठीवर लादलं. मला ते काम मनापासून आवडायचं. एकाच मापाची कार्डं, एकाच उंचीचं अक्षर, खण ओढला की सरकन येणारी रांग. जगात इतकी व्यवस्था शक्य आहे हे पाहूनच मला शांत वाटे. वर्गात आम्हांला बजावलं होतं की पुस्तक हाती आलं की नावाचं पान, शेवटचं पान, मापं, आणि पुढचं पुस्तक. वाचत बसणारा माणूस दिवसाला दहा कार्डं करतो आणि न वाचणारा साठ. मी सत्तर करत असे.

एकवीस नमुने घेतले. सतरा पुण्याभोवतीचे, तीन धारवाडचे. खरा दमट असा एकच, घाटातल्या रानातला, आमच्या जोयड्याकडचा. मी त्याच तालुक्यात वाढलो. खानापुराहून आलेल्या आमच्या आजोबांनी जोयड्यात दुकान घातलं, तिथल्या मिठाच्या आणि सुक्या मासळीच्या पोत्यांवर बसून मी बाराखडी शिकलो. नमुने गोळा करायला माझ्याइतका सोयीचा माणूस नव्हता. तरी मी एकच घेतला, कारण मला तिथं जायचं नव्हतं. प्रबंधात याचं कारण मी "दळणवळणाच्या अडचणी" असं दिलं आहे.

नंदिगड्ड्याला म्हादू गावकरांकडे मी गेलो तेव्हा माघ होता. बाड देवघरात नव्हतं. चुलीच्या बरोबर वर, कारवीच्या काठ्यांची मांडणी छताला टांगली होती. तीवर बियाण्याची कणसं, सुकवलेली कोकमं, आणि त्यांच्यामध्ये या लाल फडक्यातला गठ्ठा. वर्षातून एकदा, दसऱ्याला तो खाली यायचा, हळदकुंकू लागायचं आणि पुन्हा वर. फडक्यावर काजळीचा इतका जाड थर होता की मी हात लावल्यावर बोटांचे ठसे उमटले. आत पानं मधाच्या रंगाची झाली होती, कडा काळ्या. वास धुराचा, ओल्या लाकडाचा, उतू गेलेल्या पेजेचा. मी म्हादूमामांना सांगितलं की धुरात आम्ल असतं, ते कागदाला आतून खातं. हे बाड इथून हलवलंच पाहिजे. ते मान डोलवत ऐकत होते. दारात सुपानं पाखडणारी त्यांची बायको, फुलाक्का, मात्र म्हणाली, "धुरात हाय म्हणून तर हाय रं ती पोथी. माझ्या सासूच्या सासूनं टांगल्याली."

"अक्का, आम्ल डोळ्यांना दिसत नाही."

"मग तुला कसं दिसलं?"

मामा हसले. "पुण्यात शिकलाय गे त्यो. तू गप. आपल्याला न्हाई कळत म्हंजे ते खोटं हुतंय व्हय?"

मी बाड जोयड्याच्या शाळेत नेलं. काचेच्या दाराचं शिसवी कपाट दुकानातून मीच दिलं होतं. फटी कापसानं बुजवल्या, कप्प्यात डांबराच्या गोळ्या ठेवल्या. कपाटाची पाठ मातीच्या भिंतीला लागून होती. ती चार बोटं पुढे ओढावी हे मला माहीत होतं, प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात लिहिलंही आहे. पण पुढे ओढली असती तर दार उघडताना मास्तरांच्या टेबलाला आपटलं असतं, आणि ते दिसायला वाईट दिसलं असतं.

सहा दिवस मी त्या बाडासमोर बसलो. प्रत्येक पानाची जाडी, रंग, भोकं, डाग. मोडी मला उत्तम येते. डोळ्यांसमोर ओळी जात होत्या, आणि मी त्यांच्यातून भोकं मोजत होतो. कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण दोनशे बारा पानांतला एकही शब्द मला आठवत नाही. डोळा एखाद्या अक्षरावर अडकू लागला की मी पट्टी सरकवत असे. त्याचा मला अभिमान होता.

आणि आम्लाचं ते सगळं खरंच आहे, धुरात आम्ल असतं, मी आजही सिद्ध करून दाखवीन. पण मी बाड आम्लासाठी हलवलं नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षी वसतिगृहात मी घोंगडी पसरली, आणि शेजारच्या खाटेवरच्या मुलानं नाक वर करून विचारलं होतं, "काय जळतंय रे?" सगळ्यांनी शोधलं. खिडक्या उघडल्या, कंदील पाहिला. मीही त्यांच्याबरोबर शोधत फिरलो, आणि फिरताना मला कळत होतं की जळतंय ते माझ्या अंगावर आहे. आईच्या लुगड्याला, आमच्या चादरींना, पत्रासोबत आलेल्या लाडवांनासुद्धा तो वास असायचा. मी ते लाडू नदीत टाकले. घोंगडी विकून टाकली. नंतरची सहा वर्षं मी बिनवासाचा माणूस राहिलो. फुलाक्काच्या चुलीवर ते बाड पाहिलं तेव्हा पहिल्यांदा जे झालं ते पोटात झालं, डोक्यात नाही. ते खाली काढायचं, पुसायचं, काचेत ठेवायचं, एवढंच मला हवं होतं. शास्त्र मागाहून आलं, आणि आलं ते किती आज्ञाधारकपणे.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी प्रोफेसरांकडे गेलो. प्रबंध द्यायची शेवटची तारीख शनिवार होती. ते आरामखुर्चीत बसून सुपारी कातरत होते आणि कातरलेली सुपारी माझ्याच प्रबंधाच्या कच्च्या प्रतीवर पडत होती. मी सगळं सांगितलं. गठ्ठाही दाखवायला काढला, पण त्यांनी हातानंच लांब धरायला लावलं.

"नमुने किती म्हणालात?"

"एकवीस."

"वीस करा."

"पण दमट प्रदेशातला हा एकच—"

"शीर्षकात दमट आहे ना? पुणं काय वाळवंट आहे? पावसाळ्यात माझ्या चपलांना बुरशी येते." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "हे बघा, नागपूरच्या ग्रंथालयातली जागा तुमच्यासाठी त्यांनी चार महिने अडवून धरलीय, ती पदवीवर. एक नमुना बिघडला म्हणून आख्खं वर्ष? बरं, होतं काय त्या बाडात?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"वाचलं नाही मी."

ते हसले. मोठ्यानं, मोकळेपणानं, सुपारीचे लालसर कण दातांत दिसेपर्यंत हसले. "मग काय गेलं हो तुमचं?" त्यांच्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. मी हसलो नाही, पण पायरी उतरताना माझे पाय हलके होते, आणि ते हलकेपण मी ओळखलं. संध्याकाळी बसून तक्ते बदलले. एकविसावी ओळ काढल्यावर सरासऱ्या सुधारल्या. संरक्षित कागदाचं प्रमाण एकदम डोळ्यांत भरण्याजोगं झालं, आलेखाची रेघ सरळ वर गेली. इतका सुंदर आलेख मी आजवर काढला नव्हता. शनिवारी अकरा वाजता प्रबंध दिला, पावती घेतली. खिडकीतल्या कारकुनानं बोटाला थुंकी लावून माझी पानं मोजली, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर एकेक ओला डाग पडला. मी ते डाग मोजत उभा राहिलो.

रविवारी गाडीत बसलो. का निघालो, हे मला नीट सांगता येणार नाही. पश्चात्ताप म्हणावा तर तो शनिवारच्या आधी व्हायला हवा होता. बहुधा मला राग पाहायचा होता. कुणीतरी मला शिवी दिली असती तर तिच्या मापानं मला माझा अपराध मोजता आला असता. लोंढ्याला उतरलो, जगलबेटवरून बैलगाडी, पुढे जोयडा. घरी थांबलो तर आईनं लुगड्याच्या पदरानं माझं तोंड पुसलं आणि तो वास आला, आणि मी तोंड वळवलं; अजूनही वळवलं. बुधवारी सकाळी दत्तात्रय मास्तरांबरोबर चालत नंदिगड्ड्याला निघालो. मास्तर वाटेत सारखे आभार मानत होते. "तुम्ही आलात, मोठं काम झालं. मी म्हादूला म्हटलंच होतं, येतील." रानातून दगडांवर हद्दीच्या शेंदरी खुणा केलेल्या दिसत होत्या, ताज्या, ओघळलेल्या, काही खुणा सरळ भातशेतांच्या बांधांतून गेल्या होत्या. कापणीला आलेलं भात खुणेच्या अलीकडे आणि पलीकडे सारखंच पिवळं होतं.

अंगणात अकराही घरांतली माणसं बसली होती. मास्तरांसाठी पाट, दौत, टाक, कोऱ्या कागदांची चळत. माझ्यासाठी घोंगडी, चौघडी घातलेली. फुलाक्का दारातूनच ओरडली, "आलास व्हय? पुण्यात जेवाय घालत न्हाईत काय रं? वाळून कारवीची काठी झालाईस की."

"घालतात, अक्का."

"मग खात न्हाईस. बस."

म्हादूमामा पुढे आले. मी ठरवून आलो होतो की पहिलं वाक्य मी बोलायचं. "मामा, कपाट मी भिंतीला लावलं, चूक माझी—"

"आगा, वाळवीला काय कुणी सांगून सवरून बोलावतंय व्हय?" त्यांनी माझा खांदा धरून मला खाली बसवलं. "गेली ती गेली. तू सहा दीस पान-पान बघत हुतास म्हणून वाचलो. न्हाईतर ह्या झिलूच्या आठवणीवर हाय आमचं समदं, आणि झिलूला त्याच्या बायकूचं नाव आठवंना झालंय."

कोपऱ्यातला म्हातारा झिलू कानामागं हात धरून ओरडला, "काय म्हणालाय?"

"तुझी बायको सुंदर हुती म्हणालाय!"

"व्हय व्हय," झिलू म्हणाला. अंगण हसलं. त्या हसण्यात मला सामील करून घेतलेलं होतं, हे मला सहन होईना. हीच माणसं उद्या सुप्याला जाणार, आणि माझ्या तोंडातून निघेल तेवढीच जमीन त्यांची राहणार.

मी म्हणालो, "मामा, मी ते वाचलं नाही."

मामांनी मास्तरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, समजुतीनं. "आठवत न्हाई म्हण. कसं आठवंल? दोनशेवर पानं. पर लिवून घेत हुतास न्हवं? मी बगितलंय. पान उलटलं की वहीत लिवायचास."

"लिहीत होतो."

"ती वही हाय?"

वही माझ्या पिशवीत होती. का घेतली होती ते ठाऊक नाही. मी ती कुठंही सोडत नाही.

"हाय की मग!" मामा मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "वही हाय त्याच्यापाशी." लोक थोडे पुढे सरकले. कुणीतरी रडणाऱ्या पोराला दुसरीकडे नेलं. फुलाक्का हात पुसत येऊन पायरीवर बसली. मामा म्हणाले, "वाच. पयल्या पानापास्नं वाच. मास्तर, तुमी लिवा."

मी वही उघडली. आता सांगायला हवं होतं, मोठ्यानं, त्यांना कळेल अशा भाषेत, की यात तुमचं काहीही नाही. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण अकरा घरं माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि मला जन्मात पहिल्यांदा असं वाटलं की माझं अक्षर कुणालातरी हवं आहे. त्या वाटण्याचीच मला सगळ्यांत जास्त शिसारी आली, आणि त्याच शिसारीत माझा आवाज निघाला.

"पान पहिलं. लांबी साडेनऊ इंच, रुंदी साडेपाच. भोकं तीन. डाग एक, वरच्या उजव्या कोपऱ्यात, काजळीचा."

मास्तरांचा टाक कागदावर टेकला. "पान दुसरं. भोकं दोन. कड उजवीकडे कुरतडलेली." टाक चालत होता, मग मंदावला. मास्तरांनी मान वर केली. "पान तिसरं. भोकं सात. पाण्याचा डाग, अर्धचंद्राकार." मास्तर माझ्याकडे पाहत राहिले, आणि वहीत एवढंच आहे, हे त्यांच्या डोळ्यांत उगवताना मी पाहिलं. टाकाच्या टोकाशी शाईचा थेंब जमला आणि कागदावर पडला. त्यांनी तो टिपला नाही. बाकीचे ऐकत होते. आकड्यांना ते मान डोलवत होते. त्यांना वाटलं असावं की आधी मापं येतात, सरकारी कागदात येतात तशी. "साडेनऊ," कुणीतरी हळूच पुटपुटलं, लक्षात ठेवण्यासाठी.

"काय म्हणतोय?" झिलू ओरडला. "आमचं घर आलं काय?"

"ईल रं. आधी थोरलं घर आसंल. ऐक गप."

मी वाचत गेलो. दहावं पान, अकरावं, बारावं. मास्तरांनी टाक खाली ठेवला होता. मान खाली घालून त्या शाईच्या डागाकडे बघत बसले. म्हादूमामा आता मास्तरांच्या रिकाम्या हाताकडे बघत होते. त्यांच्या कपाळावर एक आठी आली, गेली, पुन्हा आली. सतराव्या पानाला मी थांबलो.

मग फुलाक्का म्हणाली, "का थांबलास रं? घसा वाळला काय? पोरी, पाणी आण गे त्याला. आजून आमचं शेत यायचं हाय."